एक रिमोट, तीन यंत्रे : युनिव्हर्सल रिमोट समजून घेऊया



आजकाल बऱ्याच घरांत टीव्हीसमोरच्या टीपॉयवर तीन-तीन रिमोट पडलेले असतात. एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा आणि एक साऊंडबारचा किंवा होम थिएटरचा. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. पण दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आजीचं काय होतं ते बघा. टीव्ही लागतो, पण पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. कुठला रिमोट कशाचा हे कळत नाही, आणि नातवंडं शाळेतून येईपर्यंत मालिका संपून गेलेली असते. असं चार वेळा झालं की आजी टीव्ही लावायचंच सोडून देतात. कुणी विचारलं तर 'मला आवडतच नाही' म्हणतात.

मग कुणीतरी बाजारातून युनिव्हर्सल रिमोट आणतं. तो दोन दिवस चालतो, नंतर 'हा काही कामाचा नाही' म्हणून कपाटात जातो. दोष बहुतेक वेळा रिमोटचा नसतो. रिमोट नेमकं करतो काय, हेच आपण कधी पाहिलेलं नसतं.

आधी एक सोपा प्रयोग करा, वर्गातही करता येईल. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि एखादं बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. (मागच्या कॅमेऱ्यात बरेचदा गाळणी जास्त कडक असते, म्हणून सेल्फीचा घ्यायचा.) हे आपण पुस्तकात शिकवतो ते अवरक्त किरण. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटमधल्या एलईडीचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

आता खरी गंमत. ऊन, जुने पिवळे बल्ब, इतकंच काय, आपलं अंगसुद्धा अवरक्त किरण बाहेर टाकतं. मग टीव्हीला रिमोटचा प्रकाश वेगळा कसा ओळखू येतो? रिमोट आपला दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो, आणि टीव्हीतला ग्राहक तेवढ्याच वारंवारितेची उघडझाप 'ऐकतो'. जत्रेच्या गलक्यात आपल्या माणसाची ठरावीक शिट्टी ओळखू यावी, तसंच.

या उघडझापेचे लहान-लहान झोत आणि मधली शांतता यांतून ० आणि १ तयार होतात. एनईसी नावाची एक फार प्रचलित पद्धत आहे. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, म्हणजे जणू 'लक्ष द्या'! त्यानंतर ३२ अंक येतात. झोतानंतरची शांतता अर्ध्या मिलिसेकंदाच्या जवळपास असेल तर ०, आणि तिच्या तिप्पट असेल तर १. यात पहिले ८ अंक म्हणजे यंत्राचा पत्ता, पुढचे ८ म्हणजे तोच पत्ता उलटा करून, मग ८ अंकांचा हुकूम आणि पुन्हा तो उलटा. दोन्ही जुळले तरच टीव्ही ऐकतो. हा सगळा निरोप सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात पोचतो.

पत्ता कशासाठी? हजेरी आठवा. बाई 'सतरा' म्हणतात तेव्हा ऐकतो सगळा वर्ग, पण 'हजर' एकच जण म्हणतो. तुमच्या रिमोटचा प्रकाश टीव्ही, बॉक्स, साऊंडबार सगळ्यांवर पडतो, पण उत्तर ज्याचा पत्ता तोच देतो. शिवाय भाषाही सगळ्यांची एक नाही. फिलिप्सची आरसी-५ पद्धत १४ अंकांची आणि ३६ किलोहर्ट्झची, तर सोनीची ४० किलोहर्ट्झची.

म्हणजे युनिव्हर्सल रिमोट हा काही जादूचा रिमोट नाही, तो अनेक भाषा बोलणारा दुभाष्या आहे. काही रिमोटांत या भाषांचा कोश कंपनीनेच भरलेला असतो. आपण पत्रकातला कोड टाकायचा की झालं. दुसरे रिमोट समोरच्याचं ऐकून शिकतात. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी ॲपल सोडल्यावर १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता.

आणि तुमच्या घरात असा शिकणारा रिमोट बहुधा आधीच असेल! सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर एका चौकटीत 'टीव्ही' लिहिलेली काही बटणं वेगळी दिसतात का पाहा. अनेक रिमोटांत ती शिकवण्यासाठीच असतात. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. टेबलावर दोघांची तोंडं समोरासमोर, तीन-चार बोटांच्या अंतरावर ठेवा. सेटचं बटण दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरा, मग जे शिकवायचं ते बटण दाबा, आणि मग मूळ रिमोटवरचं तेच बटण दाबा. दिवा लुकलुकला की धडा झाला. कंपनीगणिक बटणं बदलतात, म्हणून पत्रक बघाच. एक युक्ती : साऊंडबार असेल तर आवाजाच्या बटणाला टीव्हीचा नाही, साऊंडबारचा आवाज शिकवा.

मग अडतं कुठे? बहुतेक यंत्रांत चालू आणि बंद यांचा हुकूम एकच असतो. एकाच बटणाने दोन्ही यंत्रं लावायला गेलात आणि बॉक्स आधीच चालू असेल, तर टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद पडतो. पुन्हा दाबा, उलट होतं. आजीला वाटतं आपलंच चुकलं. तेव्हा दोन्हींची बटणं वेगळीच ठेवा.

ब्लूटूथवर चालणारा रिमोट या पद्धतीने शिकवता येत नाही, त्यात प्रकाशच नसतो. एसीचं प्रकरण निराळं. त्याचा रिमोट 'एक अंश वाढव' असं सांगत नाही. दर वेळी तापमान, पंखा, मोड असा सगळा तपशील पाठवतो. म्हणून एसीला या भानगडीत न आणलेलंच बरं.

टीव्ही आणि साऊंडबार एचडीएमआय केबलने, 'एआरसी' लिहिलेल्या जागी जोडलेले असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. त्या केबलमध्ये सीईसी नावाची एक वेगळी तार असते, तिच्यातून यंत्रं एकमेकांना हुकूम देतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते सुरू करायचं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. मग साऊंडबारचा आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. सगळेच सेट टॉप बॉक्स मात्र हे पाळत नाहीत.

सगळं जमलं की आजीला लागणाऱ्या चार बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या, टीव्हीला लाल, बॉक्सला पिवळा. मग रिमोट आजींच्या हातात द्या आणि तुम्ही स्वतः एकही बटण न दाबता शेजारी बसा. जुने रिमोट टाकू नका. सेल काढून खणात ठेवा, नाहीतर सेल पाझरून आतली पत्री गंजते, आणि नव्या रिमोटला पुन्हा शिकवायची वेळ आली की गुरुजीच नसतात!