जमिनीखालून येणारा आवाज

‘भूगर्भातून गूढ आवाज’ ही बातमी मराठवाड्यात अधूनमधून येतेच. 2006 च्या अखेरीस नांदेड शहरात असा गडगडाट झाला, 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत. 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्यांच्या पोटात गोळा येणारच.

पण यात गूढ काही नाही. खडक कमी खोलीवर किंचित सरकला की निघणारी पहिली लहर कातळातून सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. हवेत आवाजाची मजल जेमतेम 340 मीटर. लहर वर पोहोचली की जमीनच नगाऱ्याच्या कातड्यासारखी हवेला ढकलते. माणसाला साधारण सेकंदाला 20 कंपनांच्या वरचंच ऐकू येतं. खोल भूकंपातली जलद कंपनं वाटेतच विरतात, उथळ धक्क्यातली टिकतात. म्हणून धक्का इवलासा, आवाज मात्र दणदणीत.

 

आवाज आला तर मोकळ्या जागेत या, वेळ टिपा, तहसीलला कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘आज रात्री भूकंप’वाले निरोप मात्र पुढे ढकलू नका, भूकंपाची वेळ आधी सांगणं अजून कुणालाच जमलेलं नाही.