नळीतील वायूचा तोल : ध्वनिशामक आणि अर्धस्वयंचलित रायफल

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदीच्या मुखाजवळ हजीरा येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा चिलखती शस्त्रसामग्रीचा कारखाना आहे. स्वतःच्या इंजिनावर चालणारी ‘के-९ वज्र’ ही १५५ मिलिमीटरची तोफ याच कारखान्यात सिद्ध होते. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळील देवळाली येथे ती भूदलाच्या सेवेत रुजू झाली. पहिल्या मागणीतील १०० वी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत हजीऱ्याहून रवाना करण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच आणखी तोफांसाठी संरक्षण मंत्रालयाने करार केला.

या तोफेच्या नळीच्या मधोमध एक फुगीर कवच दिसते. ते शोभेसाठी नाही. दारूगोळ्याचा स्फोट झाल्यावर नळीत तप्त व विषारी वायू उरतो. नळीचे मागील दार उघडताच तो बंद बुरुजात शिरला, तर आतील जवान गुदमरतील. गोळा पुढे सरकत असता थोडा वायू भोकांवाटे या कवचात साठतो. गोळा बाहेर पडून नळीतील दाब उतरला की साठलेला वायू तिरप्या भोकांतून तोंडाच्या दिशेने वेगाने सुटतो आणि उरलेला धूर आपल्याबरोबर ओढून नेतो. गोळ्याला गती देणाऱ्या वायूला काम संपताच योग्य वाट करून द्यावी लागते, हेच यातील तत्त्व होय. जे प्रचंड तोफेला लागू, तेच जवानाच्या खांद्यावरील रायफलीलाही लागू आहे.

रायफल स्वतः कशी भरते?

अर्धस्वयंचलित रायफलीत एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते; मात्र पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. हे काम त्याच वायूकडून करून घेतले जाते. गोळी नळीतून जात असता थोडा वायू एका लहान छिद्रातून बाहेर काढून दट्ट्यावर सोडतात. दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना बोल्ट मॅगझिनमधील नवे काडतूस पुढे नेतो. हे सारे क्षणार्धात घडते.

वायू फार कमी मिळाला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. फार अधिक मिळाला तर बोल्ट अवाजवी वेगाने आदळतो. म्हणून अनेक रायफलींना वायुनियामक बसविलेला असतो. इच्छापूर येथे तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची एस.एल.आर. आणि पुण्याच्या शस्त्रसंशोधन व विकास आस्थापनेने आखलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास या दोन्ही रायफलींत ही सोय आहे. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी जसा जादा दाब सोडून देते, तसेच काम एस.एल.आर.चा नियामक करतो.

ध्वनिशामक लावल्यावर काय बिघडते?

रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्याही वर जातो. १४० डेसिबलपेक्षा मोठा धमाका एका क्षणात कानाच्या आतील सूक्ष्म पेशींना इजा करू शकतो, आणि नष्ट झालेल्या पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. हिरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या ध्वनिशामकाचे एकस्व मिळविले. हेच तत्त्व त्यांनी इंजिनाच्या सायलेन्सरलाही लावले. नळीच्या टोकाशी कप्प्यांची पोकळी असते. तीत वायू पसरतो, थंडावतो आणि सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो. तो नाहीसा मात्र होत नाही. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारे ३४० मीटरहून, अधिक असल्यामुळे तिच्या मार्गावर होणारा कडाड आवाज तसाच राहतो. कर्णरक्षकाची गरज म्हणूनच संपत नाही.

परंतु तोंडाशी वायू अडला की नळीतील दाब अधिक काळ टिकतो आणि छिद्रातून दट्ट्याकडे नेहमीपेक्षा जास्त वायू जातो. मोटारसायकलचा सायलेन्सर काजळीने तुंबला की इंजिन जसे घुसमटते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. बोल्ट लवकर व वेगाने मागे येतो. पुंगळी अजून नळीच्या भिंतीला चिकटलेली असतानाच ओढली गेल्याने तिची कड फाटू शकते. मॅगझिनमधील काडतूस वर येण्यापूर्वीच बोल्ट परत फिरतो व काडतूस अर्धवट अडकते. जादा वायू, काजळी आणि शिशाचे सूक्ष्म कण नेमबाजाच्या तोंडावर येतात. आवाज कमी झाला, पण ऐन वेळी रायफल अडली, तर जवानाच्या जिवाशीच खेळ झाला असे म्हणावे लागेल.

तोल साधण्याची रीत

यावरील उपाय वायू आवरण्याचा आहे. अधिकृत शस्त्रकारागीर मॅगझिनमध्ये एकेकच काडतूस ठेवून चाचणी घेतो. प्रथम नियामक अशा स्थितीत ठेवतात की दट्ट्याला कमीत कमी वायू मिळावा. मग एकेका खुणेने वायू वाढवीत नेतात. पुंगळी स्वच्छपणे बाहेर पडू लागली, आणि ज्या रायफलीत तशी सोय आहे तिचा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहू लागला, की किमान गरज समजते. त्यानंतर एक-दोन खुणांची जादा सवलत ठेवतात. कारण थंडी, धूळ, काजळी आणि काडतुसांतील फरक यांमुळे उद्याची गरज आजच्यापेक्षा अधिक असू शकते. शेवटी भरलेल्या मॅगझिननिशी पुन्हा चाचणी होते. काही रायफलींत अधिक जड बोल्ट वा अधिक ताठ स्प्रिंग बसवूनही वेग आवरला जातो.

तीन गोष्टी विसरून चालत नाहीत. चाचणी नेहमीच्याच काडतुसांनी घ्यावी. ध्वनिशामक काढल्यावर नियामक पूर्वस्थितीत आणावा, नाही तर वायू अपुरा पडून रायफल अडेल. आणि काजळी लवकर साचत असल्याने सफाईचा अवधी कमी करावा.

कायद्याची मर्यादा

ही माहिती समजुतीसाठी आहे, घरगुती प्रयोगासाठी नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येनुसार बंदुकीचा आवाज वा ज्वाला कमी करणारे साधन हेदेखील अग्निशस्त्रातच मोडते. ते परवान्याविना बनविणे वा बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या शेतकऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे, गावच्या पोलीस पाटलांनी ते इतरांस समजावून सांगावे, आणि शिक्षकांनी दाब व ध्वनी यांचे धडे शिकविताना कानांचे मोलही मुलांच्या मनावर बिंबवावे.

हजीऱ्याच्या तोफेवरील ते फुगीर कवच आणि रायफलीवरील बोटाएवढा नियामक एकच गोष्ट शिकवितात. वायूला निव्वळ अडविल्याने काम भागत नाही. त्याला मोजून मार्ग द्यावा लागतो. तो तोल साधला, तरच शस्त्र विश्वासाचे ठरते आणि ते हाती धरणाऱ्याचे कान, श्वास व प्राण सुरक्षित राहतात.