पाचाचे सहा, सहाचे पुन्हा पाच!

दोस्तांनो, समजा तुम्ही एका वर्षासाठी वर्गाचा मॉनिटर निवडलात. वर्ष संपत आलं तेव्हा तोच म्हणाला, "नियम बदललाय. मी आणखी राहणार. आणि बाईंकडे तक्रार करायची नाही!" चालेल तुम्हाला? नाही ना? आपल्या संसदेत एकदा साधारण असंच घडलं होतं.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. काळाबरोबर गरजा बदलतात, म्हणून ३६८ व्या कलमात दुरुस्तीची सोय आहे. पण हे काम साध्या कायद्याइतकं सोपं नाही बरं का! लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्या हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश जणांचा पाठिंबा लागतो. शिवाय तो एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त हवा. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते.

एवढं सगळं जमलं, तर संसद घटनेत काहीही बदलू शकते का? १९६७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, "मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत." १९७१ मध्ये संसदेने २४ वी दुरुस्ती करून तो अधिकार स्वतःकडे घेतला. मग केरळातल्या एका मठाचे स्वामी, केशवानंद भारती, यांचा खटला उभा राहिला. त्यांची बाजू मांडली मुंबईच्या नानी पालखीवालांनी. १३ न्यायाधीशांनी तो ऐकला आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला. घराच्या खोल्या वाढवा, खिडक्या बदला. पण पाया उखडू नका! म्हणजेच घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तुरुंगात होते. अशा वेळी १९७६ मध्ये ४२ वी दुरुस्ती झाली. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली आणि घटनादुरुस्तीविरुद्ध कोर्टात जाण्याची वाटही बंद झाली. मॉनिटरची गोष्ट आठवली ना?

१९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार बदललं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली. हातात आलेलं जादा वर्ष नव्या संसदेने आपण होऊन सोडलं! कोर्टाची बंद झालेली वाट १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळी केली. तेव्हा सरन्यायाधीश होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. निकालाचं सार असं : संसदेला मिळालेला अधिकार मर्यादित आहे, तोच वापरून तिला तो अमर्याद करून घेता येणार नाही.

आणखी एक दुरुस्ती तर थेट तुमच्यासाठीच आहे. १९८९ साली अमलात आलेल्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. म्हणजे थोड्याच वर्षांत हे मॉनिटर तुम्हीच निवडणार. तेव्हा नियमांचं पुस्तक आत्ताच चाळायला घ्या!