खाडीपलीकडचे बेट आणि एक वही

रानातील प्राण्यांचा अभ्यास म्हटला, की दूरदेशीचे अरण्य, मोठे अनुदान आणि महागडी दुर्बीण यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. साहजिकच शिक्षकाने, कारकुनाने वा विद्यार्थ्याने त्या वाटेस जाऊ नये, असा समज रूढ झाला आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

जपानमधील कोशिमा या चिमुकल्या बेटावर क्योतोच्या संशोधकांनी १९४८ पासून माकडांचे निरीक्षण आरंभिले. पुढे माकडांना किनाऱ्यावर आणण्यासाठी रताळी टाकण्यात येऊ लागली. इमो नावाची दीड वर्षाची मादी वाळूने माखलेले रताळे पाण्यात धुऊन खाते, हे १९५३ मध्ये प्रथम टिपले ते सात्सुए मितो या स्थानिक शाळाशिक्षिकेने. हळूहळू ही रीत इतर माकडांनी उचलली आणि प्राण्यांनाही परंपरा असते काय, या प्रश्नाची जगभर चर्चा सुरू झाली. मितोबाईंनी त्यानंतर कित्येक दशके त्या माकडांच्या नोंदी ठेवल्या. संशोधक येत आणि जात. बाई मात्र तेथेच राहत होत्या. हेच त्यांचे खरे भांडवल होते.

आपले बेट कोणते, असे कोणी विचारील. डोंबिवलीहून सुटलेली लोकल कळव्याची खाडी ओलांडून ठाण्यात शिरते, तेव्हा ती साष्टी बेटावरच येते. त्याच बेटावर येऊरचे डोंगर आहेत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे माकडे व वानरे आहेत. काळ्या तोंडाचे ते वानर, हा भेद मराठी माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. पण माकडांतही दोन जाती आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. डोक्यावर केसांची टोपी आणि लांब शेपूट असलेले माकड दक्षिण भारताचे; लालसर पाठीचे, आखूड शेपटीचे उत्तरेचे. उत्तरेचे माकड दक्षिणेकडे पसरून टोपीवाल्याची जागा घेत असल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले आहे. आपल्या डोंगरावरील एखाद्या टोळीत आज कोणती माकडे किती, आणि दहा वर्षांनी किती, हे एका सहलीत कसे कळावे?

प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. एकजण पुण्य म्हणून केळी देतो, दुसरा उपद्रव म्हणून माकडे पकडून नेण्याची मागणी करतो. टोळी केव्हा, कशासाठी वस्तीत उतरते, याची नोंद मात्र दोघांपाशीही नसते. मग निर्णय होतो तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने.

नोंदीलाही शिस्त लागते. डोळा भांडणाकडे धावतो आणि शांतपणे पाला खाणारी माकडे वहीतून निसटतात. जीन ऑल्टमन या अमेरिकन विदुषीने १९७४ मध्ये यावर मूलगामी विवेचन केले. कोणाकडे, किती वेळ पाहायचे हे आधीच ठरवावे, आणि घड्याळाप्रमाणे त्याच वेळांना लिहावे, हे त्याचे सार. एकट्याने जावे, कारण घोळका पाहून टोळी बिथरते. पण वनखात्याची परवानगी घेऊन, दिवसाउजेडी आणि घरी सांगून जावे, कारण त्या रानात बिबटेही आहेत. खाऊ मुळीच देऊ नये. ज्याला आपण खाऊ घालतो, त्याचे मूळचे वागणे आपल्याला दिसत नाही.

एकट्याने भरलेली वही त्याच्याबरोबर नाहीशी होऊ नये, ही जबाबदारी मात्र समाजाची आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयात अशा वह्यांसाठी एक कपाट राखून ठेवावे. महिन्यातून दोन रविवार देणारी पाच-दहा माणसे या परिसरात निघणे अवघड नाही. त्यांच्या नोंदी जपल्या गेल्या, तर पुढच्या पिढीला माकडांविषयी निदान माहितीच्या आधारे भांडता येईल.