रंगीत सांडपाण्यासाठी बायोफ्लॉक्युलंट: खरेदीआधी हे जाणून घ्या

थोडक्यात
रायपूर परिसरात तुमचे सूत किंवा कापड रंगवण्याचे छोटे युनिट असेल, तर सांडपाण्यातील रंग खाली बसवण्यासाठी जिवाणूंपासून मिळणारे बायोफ्लॉक्युलंट उपयोगी पडू शकते. मात्र ते रंग नष्ट करत नाही, तर पाण्यातून काढून गाळात आणते. त्यामुळे पाणी नितळ झाले तरी तुमची जबाबदारी संपत नाही.

याची गरज का आहे?
रायपूर शहराला पिण्याचे पाणी खारून नदीतून मिळते आणि शहरातील अनेक नाले याच नदीला मिळतात. खारून पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. रंगीत पाण्यामुळे सूर्यप्रकाश खोल जात नाही आणि जलचरांना त्रास होतो. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगामुळे पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न अनेक वर्षे गाजतो आहे.

ही पद्धत कशी चालते?
गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली बसते, हे आपण घरी पाहिलेले असते. बायोफ्लॉक्युलंटचे कामही तसेच आहे. बॅसिलससारखे काही जिवाणू पेशीबाहेर चिकट पदार्थ सोडतात. त्यात मुख्यतः शर्करांच्या लांब साखळ्या आणि प्रथिने असतात. या साखळ्या बारीक कणांना एकत्र बांधतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात.

हे पदार्थ निसर्गात विघटन पावतात आणि तुरटीचा वापर कमी करू शकतात. पण सर्व रंगांवर परिणाम सारखा होत नाही. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात कणरूपात असतात, म्हणून ते तुलनेने सहज बसतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग विरघळलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. अनेक बायोफ्लॉक्युलंटवरही ऋण भारच असतो, त्यामुळे सोबत कॅल्शियम किंवा लोहाचे क्षार घालावे लागू शकतात.

खरेदीआधी काय करावे?
1. विक्रेत्याच्या नमुन्यावर नव्हे, तुमच्याच सांडपाण्यावर जार चाचणी करून घ्या. एकेक लिटरच्या भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून आधी जोरात, मग हळू ढवळा आणि अर्धा तास स्थिर ठेवा.
2. वरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. कापड उद्योगासाठी 2016 मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांनुसार बीओडी 30, सीओडी 250 आणि तरंगते कण 100 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त नसावेत. सामू 6.5 ते 8.5 असावा. रंगालाही मर्यादा आहे.
3. गाळ किती निघतो ते मोजा आणि तो वाहून नेण्याचा खर्च हिशेबात धरा.

परवानगी आणि गाळ
जल अधिनियम, 1974 नुसार युनिट उभारण्यासाठी व चालवण्यासाठी छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाची संमती लागते. प्रक्रियेत बदल करण्याआधीही मंडळाला विचारा. सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येतो. तो शेतात, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. अधिकृत केंद्राकडेच द्या आणि पावती जपून ठेवा.

आर्थिक साहाय्य मिळते का?
वस्त्रोद्योग मंत्रालयाची एकात्मिक प्रक्रिया विकास योजना सामायिक सांडपाणी केंद्रांसाठी आखलेली आहे, एका युनिटच्या पावडर खरेदीसाठी नाही. तिच्यात केंद्राचा वाटा 50, राज्याचा 25, लाभार्थींचा 15 आणि बँक कर्जाचा 10 टक्के असा ठेवला होता. सध्या अर्ज घेतले जातात का, याची खात्री आधी मंत्रालयाकडून करून घ्या. एकट्याला हा खर्च न पेलणारा असेल, तर शेजारच्या युनिटधारकांशी बोला आणि एकत्रितपणे जिल्हा व्यापार व उद्योग केंद्राकडे जा.

लक्षात ठेवा: "पाणी स्वच्छ करून देतो" असे कोणी सांगितले, तर "गाळाचे काय?" हा प्रश्न आधी विचारा.