मोटारीच्या इंजिनाखालचें आच्छादन : ठेवावें कीं काढावें ?

जी वस्तु रोज डोळ्यांसमोर असते तिची निगा राखावी हें कोणी शिकवावें लागत नाहीं. दारावरचें तोरण सुकलें कीं आपण बदलतों, मोटारीच्या कांचेवर धूळ बसली कीं पुसतों. परंतु जी वस्तु खालीं, अंधारांत, नजरेआड असते तिच्याविषयींचा निर्णय आपण बहुधा दुसऱ्यावर सोंपवितों. मोटारीच्या इंजिनाखालचें आच्छादन ही अशीच एक वस्तु आहे. पुण्यांत ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं केव्हांतरी हा प्रश्न निघतोच. सर्व्हिसिंगला गाडी दिलेली असते, दुपारीं मेकॅनिकचा फोन येतो, “साहेब, खालचा ट्रे तुटलाय. काढून टाकूं का? कांहीं फरक पडत नाहीं.” साहेब कामांत असतात, “बरं, टाका काढून,” म्हणतात, आणि गाडीचें एक अंग कायमचें नाहींसें होतें. कर्णानें आपलीं कवचकुंडलें दिलीं तीं निदान साक्षात् इंद्र याचक होऊन आला म्हणून; आमचे पुणेकर बंधु तीं फोनवरच देऊन मोकळे होतात. हें दान योग्य कीं अयोग्य, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून निघून इंजिन व गिअरबॉक्स यांच्या खालून मागें जाणारा जो पातळ, सपाट तक्ता असतो त्यास कोणी ‘अंडर कव्हर’, कोणी ‘ट्रे’, कोणी ‘गार्ड’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो; कांहींत दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा, हातास नमद्यासारखा लागणारा असतो; क्वचित् लोखंडी पत्र्याचा असतो. बोल्टांनीं व क्लिपांनीं तो गाडीस अडकविलेला असतो. ही कल्पना आजची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या पुष्कळ मोटारींना इंजिनाखालीं पत्र्याचें आच्छादन असे; कारण तेव्हांचे रस्ते कच्चे व धुळीचे. पुढें रस्ते सुधारले आणि आच्छादन मागें पडलें. नंतर गाड्यांचा वेग वाढला, त्यांचा आवाज कमी असावा असे निर्बंध आले, इंधन वांचविण्याची निकड भासूं लागली, आणि तेंच आच्छादन नव्या कामासाठीं परत आलें.

कोणत्याही वादांत आधीं पूर्वपक्ष मांडावा, मग त्यास उत्तर द्यावें, ही आमच्या शास्त्रकारांची रीत. येथेंही तीच बरी.

आच्छादन काढावें म्हणणाऱ्यांचे मुख्य आक्षेप चार. एक, त्यामुळें हवा कोंडून इंजिन तापतें. दुसरा, इंजिनांतून तेल गळत असल्यास तें आच्छादनावरच सांचतें, फरशीवर थेंब पडत नाहीं, आणि मालकास गळती कळत नाहीं. तिसरा, त्यावर पालापाचोळा व माती सांचून उंदरांस आयता आसरा मिळतो. चौथा, आणि लोकांस सर्वांत पटणारा, तो असा कीं, “अमक्यानें चार वर्षांपूर्वीं काढून टाकलें, त्याची गाडी उत्तम चालते आहे.”

चौथ्या आक्षेपाचें उत्तर प्रथम देऊं. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, म्हणून कावळ्यामुळें फळ पडलें असें मानणें यास काकतालीय न्याय म्हणतात. आच्छादन काढलें आणि गाडी चालत राहिली, यावरून आच्छादन निरुपयोगी होतें असें ठरविणें हा त्याचाच मासला होय. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहिल्यावांचून कार्यकारणभाव ठरत नाहीं. शिवाय येथील हानि एका दिवसांत होणारी नव्हे. आच्छादन नसलें म्हणजे पावसाळ्यांत पुढच्या चाकांनीं उडविलेलें पाणी, चिखल व खडी हीं थेट वर जातात. तेथें अल्टरनेटर असतो, त्यास फिरविणारा रबरी पट्टा असतो, विजेच्या तारांचे सांधे असतात. चिखल बसून पट्टा कुरकुरूं लागतो, लवकर झिजतो. सांध्यांस गंज चढतो. दोन-तीन वर्षांनीं बिल येतें तेव्हां त्यावर ‘अल्टरनेटर’ लिहिलेलें असतें, ‘ट्रे काढल्याचा दंड’ असें लिहिलेलें नसतें. म्हणून कारण ओळखूं येत नाहीं.

आतां उष्णतेचा आक्षेप. पुढच्या जाळींतून आंत आलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि इंजिनाच्या मागून व खालून बाहेर पडते. ही वाट कोठून कशी जावी याची आंखणी गाडी रचितांनाच केलेली असते आणि आच्छादन त्या आंखणीचाच भाग असतो. आपल्या पुण्यांतच, पौड रस्त्याजवळच्या टेकडीवर, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत नव्या गाड्यांच्या मान्यता-चाचण्या होतात. आवाजाची चाचणी हीही त्यांतलीच. या चाचण्यांस गाडी उतरते ती कारखान्यानें रचिली तशी, सर्व अंगांसह. तेव्हां मूळच्या आच्छादनानें गाडी तापते हें म्हणणें टिकत नाहीं. गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरमध्यें, पंख्यांत किंवा पाण्यांत शोधावा. बाजारांत मिळणारें, अंदाजपंचें बसविलेलें, झरोके नसलेलें आच्छादन असेल तर गोष्ट वेगळी.

उरलेले दोन आक्षेप मात्र खरे आहेत, आणि ते खरे आहेत असें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. तेल सांचतें, पाला सांचतो, उंदीर येतात. तुळशीबागेपासून कोथरूडपर्यंत उंदरांनीं मोटारीच्या तारा कुरतडल्याची तक्रार ऐकूं येते. तेलानें भिजलेला नमदा व वाळलेला पाला तापलेल्या नळीजवळ असणें चांगलें नव्हेच. परंतु यावर उपाय आच्छादन फेकणें हा नव्हे; तें वेळच्या वेळीं उतरवून धुणें हा आहे. माळ्यावर उंदीर झाले म्हणून कोणी छप्पर काढीत नाहीं. तेलाविषयीं म्हणाल तर पंधरवड्यानें एकदां, गाडी सपाट जागीं थंड असतां, तेलाची पट्टी काढून पाहावी. हें काम पांच मिनिटांचें आहे आणि घरांतील मुलींस व मुलांस सहज शिकवितां येतें.

येथवर आच्छादनाची बाजू घेतली. पण त्याच्या हातून जें होणार नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. इंजिनाचें तेल ज्या भांड्यांत असतें त्यास आमच्याकडील मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात. मोठ्या दगडावर गाडी आदळली तर प्लॅस्टिकचा तक्ता चेंबर वांचवूं शकत नाहीं. तो उडणाऱ्या खडीपुरता. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं घालून दिलेल्या नमुन्याप्रमाणें सामान्य रहदारीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या साध्या गाड्यांचा तळ रिकाम्या असतां जमिनीपासून सुमारें १६ ते २० सेंटिमीटर वर असतो. नमुन्याबरहुकूम गतिरोधक असेल तर कांहीं घांसत नाहीं. पण गल्लींतील मंडळींनीं आपल्या बुद्धीनें घातलेला अरुंद, उभा उंचवटा आणि गाडींत पांच माणसें व लग्नाचें सामान, असा योग आला म्हणजे खालीं घांसल्याचा आवाज येतो. अशा वेळीं सावकाश जाणें हेंच कवच. आणि आदळल्यानंतर किटलीच्या आकाराचा तांबडा दिवा लागला तर तत्काळ गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. तेलावांचून इंजिन थोड्या मिनिटांत निकामी होतें.

पुराच्या पाण्याविषयींही असाच एक भ्रम आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहींत. वीसहून अधिक माणसें त्या पावसांत दगावलीं आणि असंख्य वाहनें वाहून गेलीं. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पाणी शिरलें तेव्हांही गाड्या बुडाल्या. आच्छादन असल्यानें अशा पाण्यापासून इंजिन वांचत नाहीं; पाणी हवा घेणाऱ्या नळीवाटें आंत जातें. बुडालेली गाडी सुरू करण्याचा यत्न करूं नये, ओढून न्यावी. आणि दुरुस्तीच्या वेळीं आच्छादन उतरवून वरचा गाळ धुऊन काढण्यास आवर्जून सांगावें, नाहींतर तो गाळ महिनोन्महिने ओल धरून राहतो.

ज्यांस वरंधा किंवा ताम्हिणी घाटांतून वारंवार जावें लागतें, अगर ज्यांच्या शेताची वाट खडकाळ आहे, त्यांनीं लोखंडी गार्ड बसवावें काय? बसवावें, परंतु आपल्याच गाडीसाठीं बनविलेलें, तेल काढण्यास जागा व हवेस झरोके असलेलें, आणि कारखान्यानें नेमलेल्या ठिकाणींच आंवळलेलें. त्याचें वजन असतें, तें तळाची उंची थोडी कमी करितें, आणि अपघातांत गाडीचा पुढचा भाग ज्या रीतीनें चेपावा अशी योजना असते तींत भलत्या जागीं जोडलेला जाड पत्रा विघ्न आणूं शकतो. रोज डेक्कनहून स्वारगेटला जाणाऱ्यास त्याचें प्रयोजन नाहीं. ज्या गाडीस कारखान्यानेंच आच्छादन दिलें नाहीं तिच्या मालकानें, त्याच गाडीसाठीं बनविलेलें कंपनीकडे मिळत असल्यास घ्यावें. न मिळाल्यास चिंता करूं नये. विजेवरील गाड्यांत मात्र बॅटरी तळाशींच असते. तेथील कोणताही तक्ता अनोळखी हातानें उघडूं देऊं नये, आणि तळास जबर मार लागल्यास गाडी तज्ज्ञांस दाखवावी.

आतां या प्रश्नाचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतों. आजवर आपण आपल्या गाडीचा व आपल्या पैशाचा विचार केला. परंतु तुटकें आच्छादन हा केवळ मालकाचा प्रश्न राहत नाहीं. दोन क्लिपा गेल्या, एक बोल्ट गळाला, तरी तक्ता लोंबत राहतो. वेगांत वारा त्याच्या पुढच्या कडेंत शिरतो, त्यास खालीं दाबितो, आणि एके क्षणीं तो निखळून रस्त्यावर पडतो. आमच्या शहरांत मोटारीच्या मागें कोण असतें? बहुधा एखादी स्कूटर. तीवर शिकवणीस निघालेली मुलगी, नाहींतर पुढें पोर उभें केलेला गृहस्थ. चार चाकांवरच्या माणसास जो केवळ ‘खट्’ असा आवाज, तो दोन चाकांवरच्या माणसास अपघात होऊं शकतो. लोंबतें आच्छादन म्हणूनच काढलेल्या आच्छादनापेक्षांही वाईट. रस्त्यांत तें सुटलें तर गाडी सुरक्षित जागीं थांबवून, शक्य तर बांधून किंवा पूर्ण उतरवून, सावकाश गॅरेज गांठावें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणीही शिरूं नये. जॅक सरकून प्राण जातात.

तेव्हां सिद्धान्त असा. कारखान्यानें दिलेलें आच्छादन अभंग व घट्ट असेल तर ठेवावें. तुटलें असेल तर नवें घ्यावें. मिळेपर्यंत अर्धवट लोंबतें ठेवूं नये. प्रत्येक सर्व्हिसिंगला तें उतरवावें, धुवावें, आणि सर्व बोल्ट व क्लिपा लावून परत बसवावें, असें कामाच्या कागदावर लिहून घ्यावें. गाडी परत घेतांना बाहेरचा रंग पाहण्याआधीं वाकून खालीं एकदां पाहावें आणि हातानें हलवून पाहावें. हलत असेल तर तेथल्या तेथें बसवून घ्यावें. एका क्लिपेची किंमत ती काय! पण ती जागेवर आहे कीं नाहीं हें पाहणें हें, आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाचें आपण लागत असलेलें एक देणें आहे.