ॲनी मूरच्या माहेरचा माग

इंग्रजीत ‘माहेर’ या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, असे मी वर्गात नेहमी सांगतो. मुली हसून मान डोलावतात आणि तास पुढे सरकतो. परंतु सासरी गेलेल्या मुलीचे माहेर दृष्टिआड झाले म्हणजे एखाद्या घराण्याच्या इतिहासात केवढा घोटाळा माजतो, याची एक हकीकत अलीकडे माझ्या वाचनात आली. घराणे आहे आयर्लंडमधील मूर मंडळींचे.

१८४५ पासून १८५२ पर्यंत आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. दुष्काळ सरला तरी देशांतराचा ओघ थांबला नाही. घरातले एकदोघे पुढे जात, मोलमजुरी करून पैसा साठवत आणि मागच्यांसाठी बोटीचे भाडे धाडत. कॉर्कच्या मूर कुटुंबाचेही तसेच झाले. आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेले होते. २० डिसेंबर १८९१ रोजी क्वीन्सटाउन बंदरातून, म्हणजे आजच्या कोव्हमधून, ‘नेवाडा’ नावाची आगबोट निघाली. तिच्यात त्यांची सतरा वर्षांची ॲनी आणि अँथनी व फिलिप हे तिचे धाकटे भाऊ होते.

योगायोग पाहा! बोट न्यूयॉर्कला लागली ३१ डिसेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १८९२ रोजी, एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नोंद करणारी नवी कचेरी उघडली. तेथे पहिले नाव लागले ते ॲनीचे. साहेबांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी छापले की, मुलगी पंधरा वर्षांची असून आज तिचा वाढदिवस आहे! दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. दंतकथेचा जन्म असा पहिल्याच दिवशी झाला.

पुढे १९५४ पर्यंत त्या बेटावरून सुमारे एक कोटी वीस लाख माणसे अमेरिकेत शिरली. पहिली आलेली पोर मात्र गर्दीत हरवली. कित्येक वर्षांनी लोक विचारू लागले, ‘त्या ॲनीचे पुढे काय झाले?’ टेक्सासमधील एका कुटुंबाला आपली ॲनी मूर हीच ती, असे मनापासून वाटत होते. ही बाई पश्चिमेकडे गेली, तिथे तिने संसार थाटला आणि १९२३ साली ट्रामखाली सापडून ती वारली. हकीकत ऐकायला कशी छान होती! देश नवा, प्रदेश विशाल आणि मुलगी धाडसी. सर्वांनी ती उचलून धरली. १९९३ मध्ये कोव्हला आणि एलिस बेटावर ॲनीचे पुतळे उभे राहिले.

वंशावळींचा शोध घेणाऱ्या मेगन स्मोलेन्यॅक या बाईंनी मात्र जुने कागद उलगडले आणि त्या थबकल्या. टेक्सासच्या ॲनीचा जन्म अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात झालेला होता! मग आयर्लंडहून बोटीने आलेली ॲनी कोण?

आयर्लंडात अशा शोधाला फारसा आधार मिळत नाही. १८६१ ते १८९१ पर्यंतच्या खानेसुमारीचे कागद सरकारनेच नष्ट केले होते, आणि त्याआधीचे बहुतेक १९२२ च्या यादवीत डब्लिनचे दप्तरखाना जळाला तेव्हा भस्मसात झाले. उरल्या त्या मुख्यतः देवळांतल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि जमीनमोजणीची दप्तरे. त्यात ‘ॲनी मूर’ हे नाव फार साधे. शिवाय लग्न झाले की ते मूर आडनावही गेलेच! नवऱ्याचे नाव ठाऊक नसेल तर बाई शोधावी कशी?

२००६ साली मेगनबाईंनी एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याचे प्रमुख ब्रायन अँडरसन मदतीला आले आणि गाठ सुटली ती धाकट्या फिलिपच्या नावाने. मुलाचे आडनाव थोडेच बदलते! त्याचा नागरिकत्वाचा दाखला सापडला. १९३० च्या खानेसुमारीत त्याच्या घरात अ‍ॅना नावाची मुलगी आढळली. तिच्या मृत्यूच्या नोंदीवरून आजच्या पिढीचा पत्ता लागला. बहिणीचे दार भावाच्या दारातून उघडले.

आणि आत काय दिसले? ॲनी पश्चिमेकडे कधी गेलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील दाट गरीब वस्तीतल्या मोजक्या गल्ल्यांत तिचे सारे आयुष्य सरले. जोसेफ शेयर नावाच्या, मासळीबाजारात नोकरी करणाऱ्या जर्मन घराण्यातील तरुणाशी तिने लग्न केले. निदान अकरा मुले झाली. मोठी झाली ती पाच. १९२४ साली, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ती गेली. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो २००८ साली बसवला गेला. आयर्लंडच्या निळसर दगडात घडवलेला क्रूस आज तेथे उभा आहे.

ही हकीकत टेक्सासच्या कथेइतकी रंगतदार नाही, हे खरे. पण मला तीच मोलाची वाटते. समुद्र ओलांडलेल्या लाखो बायांच्या वाट्याला दाटीची खोली, अपुरा पगार आणि दगावलेली लेकरे हेच आले. त्यांच्याच कष्टांवर पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. सोयीची दंतकथा उराशी धरली म्हणजे अशा खऱ्या बाईचे कष्ट दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा होतात. ॲनीच्या बाबतीत तेच घडले होते.

वाचकहो, या दिवाळीत घरातली वडीलधारी मंडळी फराळाला एकत्र बसतील, तेव्हा आजीला, पणजीला एवढेच विचारा, ‘तुझे माहेरचे नाव काय?’ आणि ते लगेच वहीत लिहून ठेवा. कुणी तरी कधी तरी त्या वाटेने आपल्याला शोधीत येईल.